मुलांची खेळखोली : मांडणी कोणाच्या हाताशी?

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड या गावांतील जुन्या व्यापारी घरांत मुलांसाठी वेगळी खोली नसे. पुढे दुकान किंवा ढाळज, मध्ये चौक, चौकाभोवती ओसरी, आत माजघर आणि वर माळवद अशी ती रचना होती. मूल चौकात खेळे, उन्हाच्या वेळी ओसरीवर येई, आणि कोणत्याही क्षणी कुणा ना कुणाच्या नजरेत असे. भिंतीतील देवळ्या आणि खालची फडताळे त्याच्या हाताच्या उंचीवर असत. त्यांत त्याचे गोटे, सागरगोटे, चिंध्यांची बाहुली आणि जोंधळ्याच्या चिपाडांची बैलगाडी आपोआप जागा धरून बसे.

आता चौकावर स्लॅब पडला. तळमजल्यावर दुकान, मधल्या मजल्यावर कुटुंब आणि त्याच्यावर पाहुण्यांची किंवा मुलांची खोली, अशी बांधणी सर्वत्र दिसते. नव्या घराच्या नकाशात मुलांच्या खोलीचा विचार होतो, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तथापि अशा अनेक खोल्यांचे पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. भिंतींवर रंगीत चित्रे येतात, छतापर्यंत कपाट येते, आणि काचेमागे वाढदिवसाची खेळणी आपापल्या खोक्यांत उभी राहतात. पाहुणे आले की खोली दाखवली जाते. मूल मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पळी-वाट्या घेऊन बसलेले असते, किंवा खाली दुकानात गल्ल्याशेजारी मोबाईल पाहत असते. खर्च झाला, खोली झाली, आणि खेळ मात्र त्या खोलीत उतरला नाही.

याचे कारण मुलाच्या स्वभावात शोधण्याची गरज नाही. ते मांडणीत आहे, आणि मांडणी हा तर व्यापारी घराचा पिढीजात विषय आहे. गिऱ्हाइकाला जे दिसते आणि ज्याला त्याचा हात लागतो, ते विकले जाते. माळ्यावर पडलेला माल वर्षानुवर्षे तसाच राहतो, हे दुकानात कुणाला शिकवावे लागत नाही. खेळखोलीचे गिऱ्हाईक तीन फूट उंचीचे आहे एवढेच ध्यानात ठेवले, तर पुढील बहुतेक निर्णय सोपे होतात.

उघडे राहिलेले कपाट

मुलांच्या उंचीची मांडणी ही कल्पना आज सर्वपरिचित असली, तरी तिचा उगम मनोरंजक आहे. रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत एका इमारत कंपनीने जुन्या चाळींची डागडुजी केली. आईवडील दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली मुले जिन्यांची व भिंतींची नासधूस करीत. दुरुस्तीचा खर्च वारंवार करण्यापेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणे परवडेल, असा हिशेब कंपनीने केला, आणि ते काम डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे सोपवले. ६ जानेवारी १९०७ रोजी ते बालगृह सुरू झाले.

आरंभी तेथील साहित्य कुलूपबंद कपाटात असे. शिक्षिका ते काढून देई आणि काम संपले की परत ठेवी. एके दिवशी कपाटाला कुलूप लावायचे राहून गेले. शिक्षिका आली तेव्हा मुलांनी आपापल्या आवडीचे साहित्य स्वतःच काढून घेतले होते आणि ती कामात गढून गेली होती. शिक्षिकेला ती चोरी वाटली. माँटेसरीबाईंना त्यात वेगळाच अर्थ दिसला : कोणती वस्तू कोठे असते हे मुलांना पक्के माहीत आहे, आणि काय निवडायचे तेही त्यांना कळते. त्यानंतर मोठ्या बंद कपाटाच्या जागी मुलांच्या उंचीची ठेंगणी मांडणी आली.

आपल्याकडे हा विचार गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी आणला. ते मूळचे वकील. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तो महाराष्ट्रात रुजवला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ साली ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या आणि १९५७ साली त्यांचे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आज तो पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ बोर्डीपासूनच त्यांच्या सोबत होत्या. परदेशी पद्धतीचे महागडे साहित्य खेड्यात परवडणारे नव्हते. म्हणून या दोघींनी खडे, बिया, पाने, फुले, शिंपले अशा परिसरातील वस्तूंचे शैक्षणिक साहित्य केले. पाड्यातील अंगणातच मुले जमवून त्यांनी जी शाळा भरवली, तिचे ‘अंगणवाडी’ हे नाव पुढे देशभर पोहोचले.

कोसबाडचा धडा परभणीच्या घरासाठी मोलाचा आहे. खोली किती मोठी, खेळणी किती महाग, यावर मुलाचा खेळ अवलंबून नसतो. वस्तू हाताशी आहे का आणि ती घेण्याची मोकळीक आहे का, यावर तो ठरतो.

जागा कोणती निवडावी

लहान मूल मोठ्या माणसांच्या आवाजाच्या अंतरातच रमते. तीन-चार वर्षांच्या मुलाला वरच्या मजल्यावर एकट्याने खेळायला पाठवले, तर ते दहा मिनिटांत खाली येणारच. म्हणून खेळाची जागा स्वयंपाकघरातून किंवा आजी-आजोबांच्या बैठकीतून दिसेल अशी असावी. वेगळी खोली शक्य नसेल, तर बैठकीचा सहा फूट गुणिले सहा फूट कोपराही पुरेसा होतो. एका बाजूला ठेंगणी मांडणी ठेवली की त्याची सीमा आपोआप आखली जाते.

दुसरा विचार उन्हाचा. परभणीत मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी मुले बाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे खेळखोलीची खरी गरज त्याच दिवसांत असते. उघड्या स्लॅबखालची पश्चिमेची खोली त्या वेळी भट्टीसारखी तापते. उत्तरेची किंवा पूर्वेची, आणि वर आणखी एक मजला असलेली खोली पसंत करावी. पश्चिमेशिवाय पर्याय नसेल, तर खिडकीबाहेर छज्जा किंवा जाड पडदा हवा. शहाबादी फरशी असेल तर ती उन्हाळ्यात उघडीच ठेवावी, कारण तिच्याइतका गारवा कोणताही गालिचा देत नाही. वाचनाच्या कोपऱ्यात मात्र सतरंजी किंवा वाकळ अंथरावी. ती उचलून झटकता येते, त्यामुळे खाली धूळ आणि जीवजंतू साठत नाहीत.

खोलीत मोठ्या माणसासाठी एक बैठक अवश्य असावी. एकत्र कुटुंबात दुपारी मुलांजवळ बहुधा आजीच असते. तिला फरशीवर बसवत नसेल आणि खोलीत खुर्ची नसेल, तर ती मुलांना आपल्या खोलीत बोलावते, टीव्ही लागतो, आणि खेळखोली रिकामी राहते. पाठ टेकता येईल अशी एक साधी खुर्ची या खोलीतील सर्वांत उपयुक्त सामान ठरू शकते.

मांडणीची मापे

तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण तीन फूट, तर सहा वर्षांच्या मुलाची पावणेचार फुटांच्या आसपास असते. म्हणून सर्वांत वरची फळी अडीच फुटांहून उंच नसावी. फळीची खोली एक फूट पुरे. अधिक खोल फळीवर वस्तू एकामागे एक जातात आणि मागची वस्तू दिसेनाशी होते. दारे, कुलपे आणि काचा नकोत. जुन्या दुकानातील ठेंगणे काउंटर किंवा रॅक कापून, कडा घासून वापरले तरी उत्तम चालते.

एका फळीवर तीन-चार वस्तूच ठेवाव्यात आणि दोन वस्तूंच्या मध्ये मोकळी जागा सोडावी. बारीक तुकड्यांच्या खेळण्यांसाठी उघडे, उथळ डबे वापरावेत. एक मोठी पेटी घेऊन तिच्यात सगळी खेळणी ओतणे मोठ्यांना सोयीचे वाटते. मुलाला मात्र तळातली मोटार काढण्यासाठी सबंध पेटी उपडी करावी लागते. मग ‘पसारा करतो’ हा ठपका त्याच्यावर येतो. वस्तुतः तो पसारा पेटीने केलेला असतो. प्रत्येक डब्यावर आतील वस्तूचे चित्र चिकटवावे. अक्षरओळख झाली की चित्राखाली मराठीत नाव लिहावे. ज्या घरात किराण्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या असतात, तेथे ही पद्धत मुलाच्या लगेच अंगवळणी पडते.

बसण्यासाठी दहा ते बारा इंच उंचीचे स्टूल आणि अठरा ते वीस इंच उंचीचे टेबल तीन ते पाच वर्षांच्या मुलांना सोयीचे असते. जुन्या पेढीवर मुनीमजींसमोर असणारे लिहिण्याचे ठेंगणे मेज कुणाच्या माळ्यावर असेल, तर त्याहून चांगले मेज बाजारात मिळणार नाही. मांडी घालून बसणाऱ्या मुलासाठी ते अगदी योग्य मापाचे आहे. एका भिंतीवर दोन ते तीन फूट उंचीपर्यंत काळा फळा रंगवून घ्यावा. लिहिण्याची एक भिंत दिली की बाकीच्या तीन भिंतींचे रक्षण सोपे होते.

चालू साठा आणि गोदाम

खेळणी किती असावीत, या प्रश्नाचे उत्तर अनेक घरांना अनपेक्षित वाटेल. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दीड ते अडीच वर्षे वयाच्या ३६ मुलांना एकदा चार खेळणी आणि एकदा सोळा खेळणी देऊन त्यांचा खेळ पाहण्यात आला. चारच खेळणी समोर असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ रमली आणि एकाच वस्तूशी अधिक निरनिराळ्या तऱ्हांनी खेळली. सोळा असताना लक्ष एकावरून दुसऱ्यावर उडत राहिले. अपरिग्रहाची शिकवण ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जाते, तेथे हा निष्कर्ष परका वाटू नये.

याचा अर्थ आलेल्या भेटी टाकून द्याव्यात असा नाही. दुकानात जसा चालू साठा आणि गोदामातील साठा वेगळा असतो, तशीच व्यवस्था येथे करावी. समजा, घरात चाळीस खेळणी आहेत. आठ-आठचे पाच गट करावेत. एक गट फळीवर आणि चार गट बंद खोक्यांत, मोठ्यांच्या कपाटात. दर पंधरा दिवसांनी गट बदलला, तर फळीवरून उतरलेले खेळणे साठ दिवसांनी पुन्हा समोर येते, आणि तेव्हा ते मुलाला नव्यासारखे वाटते. नवी खरेदी न करता वर्षभर नवेपणा मिळतो. मुलाचे अत्यंत लाडके एखादे खेळणे मात्र कधीही गोदामात पाठवू नये. त्या बाबतीत हिशेब बाजूला ठेवावा.

दिवाळीला दुकानात मालाची मोजदाद होते, तेव्हाच खेळण्यांचीही करावी. वयाबाहेर गेलेली पण धडधाकट खेळणी पुसून, सगळे तुकडे मोजून, गरजू मुलांना द्यावीत. आणि ती देताना मुलाची संमती घ्यावी. मोडकी खेळणी दान म्हणून देऊ नयेत. ज्याने आपल्या हाताने चांगली वस्तू दिली, त्यालाच देण्याचा अर्थ कळतो.

खेळण्यांची निवड

व्यापारी घरात उत्तम खेळसाहित्य फुकट पडलेले असते, फक्त त्याकडे त्या दृष्टीने पाहिले जात नाही. कापडाच्या थानातील पुठ्ठ्याच्या नळ्या, बुटांची रिकामी खोकी, शिवणकामातील तुकडे, झाकणांचे डबे, जुना छोटा तराजू आणि पन्नास-शंभर ग्रॅमची वजने एवढ्यावर मुले दिवसभर दुकान-दुकान खेळतात. या खेळात मोजणे, तोलणे, वर्गवारी करणे, सुटे पैसे परत देणे आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणे हे सगळे येते. मुलगा आणि मुलगी दोघांनाही तराजू द्यावा आणि दोघांनाही बाहुली व भातुकली द्यावी. पोळ्याच्या सुमारास मातीचे बैल करायला काळी माती आणि एक जुने ताट देण्यास हरकत नाही. त्यासाठी गच्चीचा किंवा मोरीजवळचा कोपरा ठरवून द्यावा.

धान्य आणि डाळी खेळायला देण्याची पद्धत टाळलेली बरी. अन्न वाया जाते, पावसाळ्यात त्यात किडे होतात, आणि लहान मूल दाणे नाकात किंवा तोंडात घालते. सराफी घरांत जुन्या गुंजा सापडतात. लाल-काळ्या रंगामुळे मुलांना त्यांचे आकर्षण वाटते. गुंजेचे बी चावले गेल्यास ते विषारी असते, म्हणून त्या मुलांच्या हाती मुळीच येऊ देऊ नयेत.

विकतची खेळणी घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर हे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून देशात बंधनकारक आहे. खोलीला किंवा जुन्या फळ्यांना रंग देताना डब्यावर शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख वाचावा. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरवलेली आहे. माळ्यावर राहिलेला जुना रंग ‘संपवून टाकू’ म्हणून या खोलीत वापरू नये.

खोलीत टीव्ही नसावा आणि मोबाईलच्या चार्जरची जागाही नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी हा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल हवी, असेही त्या सूचना सांगतात. म्हणून खोलीच्या मध्यभागी काहीही ठेवू नये. मोकळी फरशी हेही एक खेळणेच आहे.

सुरक्षिततेचा हिशेब

मूल स्वतःच्या हाताने वस्तू घेणार असेल, तर खोली अशी हवी की मोठ्यांना क्षणोक्षणी ‘हात लावू नको’ म्हणावे लागणार नाही. त्यासाठी पुढील गोष्टी आधीच पाहून घ्याव्यात.

उभे कपाट, रॅक आणि टीव्हीचे टेबल भिंतीला लोखंडी पट्टीने पक्के करावे. मुले खणांवर पाय देऊन चढतात आणि कपाट अंगावर येते. खिडकीच्या आणि गच्चीच्या गजांतील अंतर चार इंचांहून कमी असावे, आणि खिडकीखाली चढण्याजोगे काही ठेवू नये. खालच्या प्लगांना झाकणे लावावीत. इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी या खोलीत नको. झाकणाची जड पेटी असेल तर झाकण काढून टाकावे, कारण लपंडावात मूल आत अडकू शकते. खोलीला आतून लागणारी कडी मुलाच्या हाताच्या उंचीवर नसावी. शेजारच्या मोरीत भरलेली बादली ठेवू नये. रांगत्या मुलाला थोडेसे पाणीही घातक ठरते.

तीन वर्षांखालील मूल घरात असेल, तर सव्वा इंच व्यासाच्या आणि सव्वादोन इंच खोलीच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती त्याच्यापासून दूर ठेवावी. श्वास अडकण्याचा धोका पारखण्याचे माप साधारण तेवढेच असते. घड्याळाच्या चपट्या बॅटऱ्या आणि छोटी लोहचुंबके यांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर जखम करू शकते. दोन चुंबके पोटात गेली तर आतड्याला मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात. अशा वेळी वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

एकत्र कुटुंबात एक वर्षाचे आणि आठ वर्षांचे मूल एकाच खोलीत खेळते. तेथे उंचीचीच विभागणी करावी : खालच्या दोन फळ्या धाकट्याच्या, बारीक तुकड्यांचे खेळ चार फुटांवरील फळीवर आणि ते टेबलावरच खेळायचे. थोरल्या मुलाला या नियमाचा रखवालदार केले, तर तो तक्रार करीत नाही.

ज्या कुटुंबांना या विषयात अधिक मार्गदर्शन हवे असेल, त्यांच्यासाठी परभणीतच सोय आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पूर्वीच्या गृहविज्ञान महाविद्यालयात, मानव विकास हा विषय शिकवला जातो.

आवरण्याची वेळ

आवरण्याची सवय रागावून लागत नाही, वेळ ठरल्याने लागते. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन होते, तेथे ही वेळ आयतीच ठरलेली आहे. पानावर बसण्याआधी पंधरा मिनिटे खेळ थांबवावा आणि प्रत्येक वस्तू तिच्या जागी जावी. पहिले काही आठवडे मोठ्या माणसाने सोबत बसून आवरावे. मूल आवरीत असताना ते अधिक नीट करण्यासाठी त्याच्या हातून वस्तू काढून घेऊ नये. फळीवर हत्ती थोडा तिरका बसला, तरी तो मुलाने बसवलेला आहे. रात्री मूल झोपल्यावर आईने सगळे सरळ केले, तर सकाळी मुलाला एकच गोष्ट कळते : आवरणे हे आपले काम नव्हतेच.

सबंध खोलीची एक साधी कसोटी आहे. मुलाने कुणालाही हाक न मारता वस्तू घ्यावी, खेळावे आणि परत ठेवावी. जेथे जेथे त्याला हाक मारावी लागते, तेथे मांडणीत काही चुकले आहे असे समजावे. फळी खाली आणावी, डबा हलका करावा, खुंटी उतरवावी. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी घरातील कर्त्या पुरुषाने त्या खोलीत मुलाच्या उंचीला, गुडघ्यांवर बसून पाच मिनिटे नजर फिरवली, तर काय बदलायचे ते त्याला कुणी सांगावे लागणार नाही. दुकानाची मांडणी तो रोजच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहतो. घरातल्या या लहानशा गिऱ्हाइकाला पुढे त्याच दुकानाची आणि त्याच घराची किल्ली घ्यायची आहे. वस्तू जागच्या जागी ठेवण्याचा पहिला सराव त्याला अडीच फुटांच्या फळीवर मिळावा, हेच बरे.